तळाचा थर

कोकणात मुलांचं कौतुक त्यांच्या तोंडावर करायची पद्धत नाही. पोरगा इंजिनिअर झाला, पोरगी बँकेत लागली, की देवापुढे नारळ ठेवतात, वाडीत पेढे फिरतात, आणि बाप ‘झाला एकदाचा’ म्हणून गोठ्याकडे वळतो. अभिमान असतोच, पण तो ऐकीव. ऑफिसात पोरगी नेमकं काय करते हे त्याला धड सांगता येत नाही. मग चांगलं करते की वाईट, हे तो कशावरून ठरवणार? हापूसच्या पेटीतलं मात्र त्याला सगळं कळतं.

एप्रिलात रजा टाकून आलेली तिशीची मुलगी काढणीला उभी राहते, तेव्हा बाप दुसरंच काहीतरी करत असल्याचं दाखवत लांबून बघत असतो. पहिली परीक्षा नजरेची. फळाचे खांदे देठाच्या वर आलेत का, देठाशी खळगा पडलाय का, हिरवा रंग जरा उजळलाय का. शंका आली तर दोन आंबे काढून बादलीतल्या पाण्यात सोडायचे. तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. कोवळा काढला तर पिकताना सुरकुततो आणि चवीला पाणचट लागतो. बरं, फार थांबावं तर साका धरतो: बाहेरून देखणा, आत कोयीच्या बाजूला पांढरट, भुसभुशीत, आंबट गर. म्हणून साधारण 85 टक्के तयारीचं फळ धरायचं. आकडा कुणीही पाठ करील. वीस फूट उंचीवरच्या हिरव्यागार घोसात तेवढंच फळ हेरायला डोळा लागतो.

दुसरी परीक्षा झेल्याची, म्हणजे आंबे उतरवायच्या लांब काठीची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या नूतन झेल्याला पातं असतं आणि खाली जाळी. देठ पात्यात धरून कापायचा, हिसका द्यायचा नाही, कारण फळाला दोन-तीन सेंटिमीटर देठ राहायला हवा. तो मुळातून तुटला की चीक उडून सालीवर ओघळतो, तिथे काळा डाग पडतो आणि पुढे सडही देठाकडूनच सुरू होते. जाळीतून निसटून खाली पडलेला आंबा शाबूत दिसला तरी आतून दबलेला असतो, तो वेगळा ठेवायचा. काढणी सकाळच्या गारव्यात, आणि क्रेट भरला की लगेच सावलीत. तापलेल्या कातळावर तासभर राहिलेला क्रेट म्हणजे साक्याला आमंत्रणच.

मग माजघरात पेंढा पसरून निवड. मोठं फळ चार डझनी पेटीत, मध्यम पाच डझनी, लहान सहा डझनी, डागी कॅनिंगला. पेंढा कोरडा ठणठणीत हवा, ओला राहिला तर बुरशी आलीच. 2018 साली कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची नोंदणी, क्यूआर कोड, गिऱ्हाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप हे मुलीने आधीच उरकलेलं असतं. बापाला त्याचं बरं वाटतं, इतकंच.

तो थांबलेला असतो ते पेटी भरून होण्यासाठी. पेटीत वरचा थर सगळेच देखणा लावतात. खाली लहान, एखादा चिकाच्या डागाचा सरकवायचा मोह जुना आहे, आणि मुंबईचं गिऱ्हाईक तो पकडतं तेव्हा नाव बागेचं जातं. बाप येतो, झाकण बसवायच्या आधी बोटांनी पेंढा बाजूला करतो, दोन थरांच्या फटीतून तळापर्यंत हात घालतो, एक फळ वर काढतो. वरच्यासारखंच. देठ शाबूत, वजनाला तेवढंच. फळ जिथलं तिथे ठेवतो, पेंढा सारखा करतो आणि खिळे मागतो. मुलीला यापलीकडे काही मिळत नाही. संध्याकाळी नाक्यावर चहा पिताना मात्र कुणी न विचारता सांगतो, “यंदाचे आंबे चेडवान भरल्यान.”

आयांचं वेगळं. पुण्याहून चतुर्थीला आलेला मुलगा मोदकांना बसला की आई आधी हसते. तांदळाचं पीठ आणि पाणी वाटीला वाटी, पाण्यात मीठ आणि चमचाभर तूप. उकड गरम असतानाच मळायची, कारण गार उकडीच्या कळ्या फुटतात. दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी गूळ. सारण ओलसर राहिलं तर मोदक फुटणार. मोदक पाण्यात बुडवून हळदीच्या पानावर ठेवायचा, दहा-बारा मिनिटं वाफ. पहिल्या घाण्यानंतर आईचे हात मदतीला पुढे यायचे थांबतात आणि ती फुलांची परडी घेऊन बाहेर जाते. मुलाला वाटतं, आई कंटाळली.

पण सगळ्यात मोठी पावती फोनवर येते, आणि तीही प्रश्नाच्या रूपात. डिसेंबर-जानेवारीत मोहोराच्या दिवसांत बाप विचारतो, “तुडतुडो दिसता, औषध मारू काय?” चाळीस मोहोर पाहिलेल्या माणसाला हे विचारायची काही गरज नसते. इथे ‘तुम्हाला माहीत आहेच की’ म्हणून फोन ठेवणारी मुलं चुकतात. मुलगी उलट विचारते, बोंगे फुटतायत की फूल उघडलंय? कारण पूर्ण फुललेल्या मोहोरावर फवारणी टाळायची असते, नाहीतर परागीकरण करणाऱ्या माश्या मरतात आणि फळधारणा घटते. “फुलूक अजून येळ हा,” बाप म्हणतो. मग मारा, पण वारा पडल्यावर, ती सांगते. “बरां, सकाळीच मारतंय.” पंप त्याने आदल्या दिवशीच धुऊन पडवीत आणून ठेवलेला असतो.