परिपाठातली सर्वधर्म प्रार्थना: मांडणी आणि पथ्ये

महोत्सवाच्या स्मरणिकेत माजी विद्यार्थी बहुधा शिक्षकांच्या, डब्याच्या आणि मैदानाच्या आठवणी लिहितात. त्या इतर मित्रमैत्रिणी लिहितीलच. मला शाळेने दिलेल्या एकाच गोष्टीबद्दल लिहायचे आहे: परिपाठातली सर्वधर्म प्रार्थना. महोत्सवी वर्षात 30 जानेवारीला गावातल्या सर्व समाजांना बोलावून विश्वशांतीसाठी ही प्रार्थना मैदानावर घ्यायचे शाळेने ठरवले आहे. पुढे ती नव्या शिक्षकांच्या हाती जाईल. म्हणून ती कुठून आली, तिच्यात काय काय आहे आणि ती कुठे बिघडते, हे एकदा नीट लिहून ठेवणे मला गरजेचे वाटते.

आपल्या प्रार्थनेचा सांगाडा सेवाग्रामचा आहे. गांधीजी 1936 साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले. 1940 मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तिथली प्रार्थना उघड्या मैदानात, जमिनीवर बसून होते. समोर मूर्ती नाही, तसबीर नाही. आरंभी जपानी बौद्ध मंत्र, मग मौन, ईशोपनिषदाचा पहिला मंत्र, एकादश व्रते (आश्रमाची अकरा व्रते), कुराणातल्या आयती, पारशी गाथेतला एक भाग, भजन आणि रामधून असा साधारण क्रम असतो. संध्याकाळी स्थितप्रज्ञाची लक्षणे म्हणतात. ती गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली 54 ते 72 ही 19 पदे. आपण ती विनोबांच्या गीताईतून मराठीत म्हणतो.

हा क्रम कुणी एका बैठकीत ठरवलेला नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यातला जवळजवळ प्रत्येक भाग कोणत्या ना कोणत्या माणसासोबत आला. ‘नम्यो हो रेंगे क्यो’ हा मंत्र फुजी गुरुजी या जपानी बौद्ध भिक्षूंच्या परंपरेतल्या भिक्षूंनी आणला. फुजी गुरुजी 1933 साली वर्ध्यात गांधीजींना भेटले होते. पुढे जपान युद्धात उतरल्यावर आश्रमातल्या जपानी भिक्षूला पोलीस घेऊन गेले, तरी त्याचा मंत्र प्रार्थनेत राहिला. ज्या देशाशी आपल्या राज्यकर्त्यांचे युद्ध सुरू आहे त्या देशातल्या भिक्षूची प्रार्थना रोज पहिली म्हणायची, विश्वशांतीच्या प्रार्थनेचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. कुराणाचे पठण गांधीजींच्या सहकारी रेहाना तय्यबजी यांच्यामुळे रुजले. पारशी प्रार्थना पुण्याच्या आगाखान पॅलेसमधल्या गांधीजींच्या स्थानबद्धतेच्या काळात, तिथे सोबत असलेल्या डॉ. गिल्डर यांच्याकडून आली. भजनांची निवड आणि चाली यांमागे पंडित नारायण मोरेश्वर खरे होते. विष्णु दिगंबर पलुस्करांचे हे शिष्य साबरमतीच्या आश्रमात प्रार्थना चालवत आणि आश्रम भजनावली त्यांनीच सिद्ध केली.

म्हणून आपल्याकडेही तयारी माणसांपासून सुरू व्हावी. इंटरनेटवरून आठ धर्मांच्या आठ प्रार्थना उतरवून घेतल्या आणि आठ मुलांना वाटून दिल्या, की स्नेहसंमेलनातला एखादा कार्यक्रम होतो, प्रार्थना होत नाही. मशिदीचे इमाम, विहारात वंदना घेणारे उपासक, चर्चचे पाळक किंवा फादर, गुरुद्वाऱ्याचे ग्रंथी, जैन स्थानकात नियमित जाणारे श्रावक यांना निदान तीन आठवडे आधी घरी जाऊन भेटावे. दोनच प्रश्न विचारावेत: शांतीसाठी तुमच्याकडे काय म्हणतात, आणि ते इतरांनी सोबत म्हटलेले चालेल का? फोनवर हे नीट होत नाही. फोनवर माणूस होकार देतो आणि अडचण सांगायची राहून जाते.

दुसऱ्या प्रश्नावर सगळी मांडणी अवलंबून आहे. सेवाग्रामच्या पद्धतीत सगळे जण सगळे म्हणतात. दुसरी पद्धत असिसीची. 27 ऑक्टोबर 1986 रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय शांतता वर्षात, पोप जॉन पॉल दुसरे यांनी जगभरच्या धर्मप्रमुखांना इटलीतल्या असिसी गावी बोलावले. दलाई लामा होते, कँटरबरीचे आर्चबिशप होते, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे प्रतिनिधी होते. दिवसभर उपवास होता. आधी प्रत्येक धर्माच्या मंडळींनी गावातल्या वेगवेगळ्या जागी आपापली प्रार्थना केली. मग सगळे मौनाने चालत संत फ्रान्सिस बॅसिलिकासमोरच्या चौकात आले. तिथे एकेकाने आपली प्रार्थना म्हटली आणि बाकीच्यांनी ती ऐकली. प्रार्थनेसाठी एकत्र यायचे, पण एकच प्रार्थना सर्वांच्या तोंडी घालायची नाही, असा त्यामागचा विचार होता. एवढी काळजी घेऊनही चूक झाली: एका चर्चमध्ये वेदीवर बुद्धमूर्ती ठेवली गेली आणि त्यावरची टीका पुढे अनेक वर्षे चालली. म्हणून दुसऱ्याच्या पूजास्थानी आपले पूज्य मांडायचे नाही, हे पथ्य पक्के धरावे. पुढच्याच वर्षी जपानमध्ये क्योतोजवळच्या हिएई पर्वतावर तेंदाई या बौद्ध पंथाच्या मंडळींनी असाच मेळावा सुरू केला. तो दर ऑगस्टमध्ये भरतो.

रोजच्या परिपाठाला सेवाग्रामची पद्धत ठीक आहे, कारण मुले वर्षानुवर्षे ती ऐकत आलेली असतात आणि घरच्यांनाही ती माहीत असते. जाहीर कार्यक्रमाला मात्र असिसीची पद्धत घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. पहिल्यांदाच आलेल्या माणसाकडून त्याच्या श्रद्धेत न बसणारे शब्द वदवून घेणे बरे नाही. तो संकोचाने ओठ हलवतो आणि पुढच्या वर्षी येत नाही. प्रत्येक समाजाने आपले म्हणावे, इतरांनी शांत बसून ऐकावे. सर्वांनी मिळून करायचे ते मौन.

आता एकेक भाग. बौद्ध मंडळी त्रिसरण-पंचशील सुचवतील. पण त्रिसरण म्हणजे शरण जाण्याचा उच्चार आणि पंचशील म्हणजे शीलांचा स्वीकार. ते ज्याचे त्याने घ्यायचे. शांतीच्या प्रसंगाला करणीय मेत्त सुत्त, म्हणजे मैत्रीभावनेचे पाली सूत्र, अधिक शोभते. आई एकुलत्या एका मुलाला जिवापाड जपते तसे सर्व प्राण्यांविषयी मन अमर्याद करावे, असे त्यात सांगितले आहे. पूर्ण सुत्ताला सुमारे तीन मिनिटे लागतात. वेळ कमी असेल तर कुठून कुठपर्यंत म्हणायचे ते त्यांनाच ठरवू द्यावे. आपण मधूनच कापू नये.

जैनांच्या णमोकार मंत्रात पाच पदे आहेत आणि त्यात कुणाही व्यक्तीचे नाव नाही, म्हणून तो सर्वांना सोपा वाटतो. सोबत ‘खामेमि सव्वे जीवे’ ही क्षमापनेची गाथा जरूर मागावी. सर्व जीवांना मी क्षमा करतो, त्यांनी मला करावी, माझे कुणाशी वैर नाही, हा तिचा आशय. शांतीसाठी याहून नेमके काय हवे? पहिल्याच पदात ‘अरिहंताणं’ म्हणणारे आहेत तसे ‘अरहंताणं’ म्हणणारेही आहेत. म्हणणाऱ्याचा पाठ तोच ठेवावा, पत्रकात दुरुस्त करायला जाऊ नये.

कुराणातला सूरह फातिहा सात आयतींचा आहे. शांतपणे म्हटला तरी मिनिटभरात होतो. इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली म्हणजे पठणाखाली कुणीतरी हार्मोनियमचा सूर किंवा तानपुऱ्याचे ॲप सुरू ठेवते. पठणाला वाद्याची साथ अजिबात नको. आधीचे भजन संपल्यावर वाद्य पूर्ण बंद झाल्याची खात्री करावी. दुसरी चूक उच्चाराची. देवनागरीत लिहून पाठ केलेल्या मुलांचे ‘इय्याक’मधले जोडाक्षर सुटते आणि ते ‘इयाक’ होते. ‘अन्अम्त’चा शेवट ‘तु’ असा ऐकू येतो. या दोन्ही ठिकाणी अर्थ बदलतो, आणि जाणत्या माणसाला ते चटकन टोचते. हाफिजांकडून (ज्यांना कुराण मुखोद्गत असते त्यांच्याकडून) मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून घ्यावे आणि मुलांनी कानाने शिकावे. शक्य असेल तर हाफिजांनीच म्हणावे.

ख्रिस्ती बांधवांची प्रभूची प्रार्थना, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, अर्ध्या मिनिटाची आहे. पण प्रोटेस्टंट मंडळी शेवटी राज्य, पराक्रम आणि गौरव तुझेच आहेत ही ओळ जोडतात, कॅथलिक त्या ओळीआधीच थांबतात. शिवाय दोघांच्या मराठी पाठात शब्दांचाही फरक आहे. दोन्ही चर्चची माणसे एकत्र उभी केली आणि आधी ठरवले नाही, तर शेवट विस्कटतो. दोघांना आदल्या दिवशी समोरासमोर बसवले की पाच मिनिटांत मिटते.

शीख मूलमंत्र म्हणताना डोके झाकायचे असते. रुमालांची एक टोपली व्यासपीठाजवळ ठेवावी, म्हणजे सोबत उभे राहणाऱ्या मुलांची धावपळ होत नाही. पारशी किंवा यहुदी कुटुंब गावात नसेल तर त्यांची प्रार्थना केवळ संख्या भरायला घेऊ नये. कोकणात आणि मुंबई-ठाण्याकडे बेने इस्रायल मंडळी मराठीच बोलतात, तिथल्या शाळांनी त्यांना अवश्य बोलवावे. फक्त शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, असतो आणि तो कडक पाळणारे माइकही वापरत नाहीत. जी मुले कोणताच धर्म मानत नाहीत किंवा ज्यांच्या घरी प्रार्थना होत नाही, त्यांना मौनात बसता येते. त्यांची वेगळी रांग करू नये.

वेळेचा विचार आधी करावा, निमंत्रणे नंतर छापावीत. शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज, रविवारी सकाळी चर्चची उपासना. रमजान असेल तर सूर्यास्ताची वेळ टाळावी, कारण रोजा सोडणे आणि लगेच मगरिबची नमाज यात कुणालाही थांबवणे योग्य नाही. 30 जानेवारीला सकाळी 11 वाजता देशभर दोन मिनिटांचे मौन असते. आपली प्रार्थना त्याला जोडून घ्यावी.

सर्वांना 10 वाजून 20 मिनिटांनी बसवावे, 10:35 ला सुरुवात. आठ गटांना दोन-दोन मिनिटे म्हणजे 16, उठण्या-बसण्याला चार, मिळून 20 मिनिटे. पाच मिनिटे हाताशी राहतात, आणि ती लागतातच. मेत्त सुत्त पूर्ण म्हटले तर त्यातले एक मिनिट तिथेच जाते. भाषण ठेवू नये. स्वागत, सत्कार, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन यांपैकी काहीही या अर्ध्या तासात नको. कार्यक्रम लांबला तर तो नेहमी सत्कारांमुळे लांबतो, आणि मग शेवटच्या गटाची प्रार्थना अकराच्या भोंग्यात सापडते. शेवटचा गट अनेकदा गावातला सर्वांत छोटा समाज असतो, म्हणून हे मला फार लागते. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा आणि तसे सर्वांना सांगावे.

माइक एकच, स्टँडवर, छातीच्या उंचीला. हातात दिलेला माइक प्रत्येक जण फुंकून पाहतो. ग्रंथ आणले जाणार असतील तर स्वच्छ कापड घातलेली चौरंगाच्या उंचीची बैठक लागते. ग्रंथ जमिनीवर किंवा खुर्चीच्या आसनावर ठेवायचा नाही. चपला मैदानाच्या कडेलाच काढायच्या. अकराच्या मौनानंतर म्हणायचे पसायदान, त्या नऊ ओव्या, सर्वांना पाठ असते, पण पट्टी चुकली की निम्मे लोक गप्प होतात: पुरुषांना काळी एक सोयीची, मुलींना काळी चार-पाच. चाल मध्य सप्तकात राहणारी घ्यावी आणि पहिली ओवी एकट्या मुलीने धरावी. कुणाला ‘आता विश्वात्मके देवे’ म्हणायचे नसेल तर त्यानेही नुसते बसून राहायला हरकत नाही. आपण ऐकले तसे तो ऐकेल.

आक्षेप येऊ शकतो. एप्रिल 1947 मध्ये दिल्लीच्या वाल्मीकी वस्तीतल्या प्रार्थनासभेत कुराणाच्या आयतींना विरोध झाला, तेव्हा गांधीजींनी तेवढा भाग गाळून प्रार्थना पुढे नेली नाही; त्या दिवशीची प्रार्थनाच थांबवली. पुढचे दोन दिवसही तसेच झाले, आणि विरोध मावळल्यावर प्रार्थना आयतींसह पूर्ण झाली. शाळेनेही हाच नियम ठेवावा. कुणी पालक ‘अमुक वगळा’ म्हणाले तर त्यांना भेटून बोलावे, त्यांच्या पाल्याला ऐकत बसण्याची पूर्ण मोकळीक द्यावी, पण एखादा भाग गुपचूप काढू नये. एकाची प्रार्थना काढली की राहिलेल्यांची प्रार्थना त्याच्याविरुद्ध होते. पूर्ण होत नसेल तर त्या वर्षी फक्त मौन पाळावे.

छापील पत्रकांबद्दल एक सूचना. पवित्र वचने मोकळ्या कागदावर छापून वाटली तर कार्यक्रमानंतर ती मैदानात पायदळी येतात, आणि ज्यांची वचने त्यांना ते सहन होत नाही. पत्रकावर फक्त क्रम आणि मराठी आशय द्यावा. मूळ पाठ म्हणणाऱ्याजवळच असावा. उरलेले कागद त्याच दिवशी शिक्षकांनी मोजून परत घ्यावेत. ज्या जाणकाराने पाठ तपासून दिला त्याची सही मूळ प्रतीवर घ्यावी, ध्वनिमुद्रण शाळेच्या संगणकात समाजाच्या नावाने ठेवावे, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच पुढच्या वर्षीच्या भेटींना सुरुवात करावी.