वावरातली शमशाद

दिवाळी सरली की आमच्याकडची दुपार कापसाची. मी धुऱ्यावर बाभळीखाली वजनाची वही घेऊन बसते आणि बाया ओळीनं वेचत पुढे सरकतात. हल्ली ओटीत कापसासोबत मोबाइलही असतो. परवा एकीच्या ओटीतून 'कजरा मोहब्बतवाला' सुरू झालं. शमशाद बेगमचा आवाज चढला तशी मागच्या ओळीतली पोरगी म्हणाली, "माय वं, हा माणूस गाऊन राह्यला का बाई?" पुढचीनं मान न वळवता सांगितलं, "बाईच हाये वं. पण सिनेमात तिच्या आवाजावर माणूस नाचते."

बरोबर आहे तिचं. १९६८ चा 'किस्मत'. बिश्वजीत बाईच्या वेशात, बबिता पठाणाच्या. त्याला आवाज शमशादचा, तिला आशाचा. पडद्यावर कोण बाई न कोण माणूस याचा पत्ता लागू नये असा घोळ, पण डोळे मिटून ऐकलं तर एक बाई दुसरीला आळवते आहे, एवढंच कानावर येतं. त्याच्याही आधी, १९५७ च्या 'नया दौर'मध्ये 'रेशमी सलवार कुर्ता जाली का' होतंच. शमशाद आणि आशाच. तिथं तर पडद्यावरही दोघी बायाच, एक मर्दानी कपड्यातली. साऱ्या हिंदुस्थानानं ते लग्नाच्या मांडवात वाजवलं आणि कुणाच्या भुवया वर गेल्या नाहीत.

मला एक खोड आहे. गाणं लागलं की ते कुणाला उद्देशून चाललंय याचा मी तपास लावते. आमच्या घरी सगळे वैतागतात. नवरा म्हणतो, "गाणं ऐक न, पंचनामा कायले करतं?" पण राहवत नाही.

याचं मूळ बहुधा शाळेच्या गॅदरिंगमध्ये असावं. मुलंमुली एकत्र नाचणार नाहीत, असा आमच्या शाळेचा दंडक. संस्कारांचा प्रश्न होता. त्यामुळे जोडीचं प्रत्येक गाणं दोन मुलींनी करायचं, आणि मी वर्गात उंच म्हणून मिशी दर वर्षी माझ्या वाट्याला. बाबांचा सदरा, आबाजींचा फेटा, कमरेला खोचलेलं धोतर. मिशी काजळाची. ते काजळ आजीनं घरी धरलेलं, तुपात कालवलेलं. ते काही केल्या वाळायचं नाही. गॅसबत्तीच्या उजेडात घाम सुटला की मिशी ओठावर उतरायची आणि मला त्याची चव लागायची. समोर माझ्या बाकावरची मैत्रीण, तिच्या आईच्या लग्नातल्या शालूत, हातभर बांगड्या. शेवटच्या ओळीला मी तिला कवेत घ्यायचं असं बाईंनी बसवलं होतं. एकदा जरा जास्तच घट्ट घेतलं असणार, कारण पडदा पडल्यावर पाहिलं तर तिच्या गालावर माझ्या मिशीची एक बाजू उमटलेली. ती तशीच गावभर हिंडली. पुसलीच नाही. तिची आई रागावली तर म्हणे, "बक्षीस हाये ते."

पोरापोरींनी हात धरू नये म्हणून दोन पोरींना गळ्यात गळा घालायला लावणारे आमचे मुख्याध्यापक पहिल्या रांगेत बसून ताल धरायचे. दहावीनंतर तिचं लग्न झालं, दारव्ह्याकडे दिली. असो.

दिवाळीला भाची नागपूरहून आली होती. तिनं कानात घालायची ती पांढरी बोंडं माझ्या कानात खुपसली न म्हणाली, "मावशी, हे ऐक, १९२८ चं आहे." आधी नुसती खरखर. मग त्यातून एक जाड, दमदार, शेणामातीत पाय रोवून उभा असावा तसा आवाज. मा रेनी. अमेरिकेच्या जॉर्जियातली काळी बाई. गाण्यात ती सांगते की काल रात्री माझ्या दोस्तांसोबत होते, बायाच असतील त्या, कारण माणसं मला आवडत नाहीत. लोक म्हणतात मी तसली, तर म्हणोत, दाखवा सिद्ध करून. भाचीनं त्या रेकॉर्डची जुनी जाहिरातही दाखवली. पुरुषी हॅट, कोट, टाय घातलेली एक धिप्पाड बाई कोपऱ्यावर दोन नाजूक बायांशी बोलते आहे आणि मागे एक पोलीस टपून उभा. म्हणजे कंपनीनं तो पोलीससुद्धा माल खपवायला वापरला!

मला जास्त मजा वेगळ्याच गोष्टीची वाटली. ही बाई तंबूतल्या खेळांत गायची, आणि ते तंबू तिकडच्या कापूसपट्ट्यातून, वेचणीच्या दिवसांत हिंडायचे. मजुरांच्या हाती तेव्हाच चार पैसे असतात. हे मला कुणी समजावून सांगायला नको. आमच्याकडची जत्रा, टुरिंग टॉकीज, कटलरीवाले, सगळे कापूस निघाला की येतात. तसंही त्यांच्या न आमच्या कापसाचं जुनं नातं आहे. १८६१ साली तिकडे यादवी पेटली, त्यांचा माल अडला, तेव्हा कुठे मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवलं.

मग भाचीनं तिची यादीच काढली. ग्लॅडिस बेंटली, न्यूयॉर्कच्या हार्लेममधली. पांढराशुभ्र पुरुषी सूट, डोक्यावर उंच टोपी, पियानोवर बसून चालू गाण्यांत चावट शब्द घालून गायची आणि समोरच्या बायांना डोळे घालायची. माझी मिशी वर्षातून एक रात्र; हिची रोजची, न रोजीरोटीची. पुढं काळ फिरला. पन्नाशीच्या दशकात तिकडे समलिंगी माणसांना सरकारी नोकऱ्यांतून हुडकून हुडकून काढत होते, १९५३ मध्ये तर राष्ट्राध्यक्षाचा तसा हुकूमच निघाला. १९५२ साली 'एबनी' या तिकडच्या काळ्या लोकांच्या मासिकात ग्लॅडिसचा लेख आला, मी पुन्हा बाई झाले म्हणून. सोबत फोटो, घरातल्या फ्रॉकमधले. मला त्यातलं एक अक्षर खरं वाटत नाही. घाबरलेल्या माणसानं लिहिलेलं आहे ते. १९६० मध्ये ती गेली.

भाची भरभर नावं घेत होती. अमेरिकेची लेस्ली गोर सतरा वर्षांची असताना १९६३ मध्ये गायली, की मी तुझ्या मालकीची नाही. ते गाणं लिहिलं दोन पुरुषांनी, आणि स्वतःबद्दल ती जाहीर बोलली थेट २००५ मध्ये. डस्टी स्प्रिंगफील्डनं मात्र १९७० मध्येच लंडनच्या वार्ताहराला सांगून टाकलं होतं की माझा जीव मुलावर जडू शकतो तसा मुलीवरही. १९७३ मध्ये काही बायांनी ऑलिव्हिया नावाची रेकॉर्ड कंपनी काढली, गाणारीपासून ध्वनिमुद्रण करणारीपर्यंत सगळ्या बाया. आता ती कंपनी बायांच्या जहाजातल्या सहली काढते. धंदा बदलला, गिऱ्हाईक तेच.

यातली मला आवडली ती चावेला वर्गास. जन्म कोस्टारिकातला, १९१९ चा, आयुष्य मेक्सिकोत. अंगावर घोंगडीसारखा पोंचो, तोंडात चिरूट. तिकडची रांचेरा म्हणजे माणसानं बाईसाठी रडत गायचं गाणं. ही ते जसंच्या तसं गायची, 'ती'ची 'तो' न करता. ऐकणाऱ्यांना काय कळायचं ते कळायचं. तोंडानं कबूल केलं ते वयाच्या ८१ व्या वर्षी. म्हणजे गाऊन झालं होतं, सांगायचंच राहिलं होतं.

आणि के. डी. लँग. ही तर खेड्यातलीच, कॅनडाच्या अल्बर्टातली, गव्हाचा न गुरांचा मुलूख, बापाचं औषधांचं दुकान. १९९० मध्ये तिनं मांस खाऊ नका अशी जाहिरात केली तर गुरं पाळणाऱ्या भागातल्या रेडिओवाल्यांनी तिची गाणीच बंद केली. दोन वर्षांनी, १९९२ मध्ये, मी लेस्बियन आहे असं ती बोलली. त्याचा मात्र तिला फटका बसण्याऐवजी तिची रेकॉर्ड धडाक्यात चालली. खेड्याचा राग कशावर निघेल ते सांगता येत नाही. आमच्या गावातही लफडी पचतात, बांधावरचं झाड तोडलं तर तीन पिढ्या बोलचाल बंद.

मी भाचीला म्हटलं, बाईनं बाईला उद्देशून गावं यात तुम्हाला एवढी नवलाई कसली? भुलाबाईची गाणी काढ. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आम्ही गल्लीभर टिपऱ्या बडवत हिंडायचो. त्यात सासरा येतो, दीर येतो, नवरा येतो, पण सगळे तक्रारीत. ऐकणारी कोण? बाईच. जात्यावरची ओवी घे. दोघी समोरासमोर, एका खुंट्यावर चार हात, गुडघ्याला गुडघा लागलेला, न पहाटेचा अंधार. तिथं नवऱ्याचं कौतुक झालं तरी ते समोरचीच्या तोंडावर. छत्तीसगडकडच्या बाया तर मैत्रीण विधीनं करतात, एकमेकींच्या कानावर भोजलीचे, म्हणजे टोपलीत उगवलेल्या गव्हाचे, कोंब खोचून, आणि मग जन्मभर तिचं नाव घेत नाहीत, नुसतं 'भोजली' म्हणतात. आपल्याकडे नाव न घेण्याचा मान आणखी कुणाला असतो?

भाची म्हणाली, "मावशी, ते वेगळं." असेलही. मी तिच्याइतकी शिकलेली नाही या विषयात. पण किती वेगळं, हे तिलाही सांगता येईना.

आमच्या गावात सिस्टरबाई न मास्तरीणबाई होत्या. सिस्टरबाई उपकेंद्रात, मास्तरीणबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत. आधी क्वार्टर गळतं म्हणून सिस्टरबाई मास्तरीणबाईंकडे राहायला गेल्या, मग क्वार्टर दुरुस्त झालं तरी परतल्या नाहीत. लग्न दोघींचंही नाही. गाव काय म्हणायचं? काही नाही. "त्या दोघी हायेत," एवढंच. कुणाकडे बारसं असलं की आहेर एक, पान एकत्र वाढायचं. रात्री दहाला त्यांच्या ओसरीवर विविध भारतीचं छायागीत लागायचं आणि आमच्या अंगणात ऐकू यायचं. आवाज कमीजास्त करायचा मान सिस्टरबाईंचा. मास्तरीणबाई वह्या तपासायच्या, न त्यांचे पाय सिस्टरबाईंच्या मांडीवर. हे मी रोज पाहिलं आहे. कुणी कुंपणावरून डोकावलं तरी ते पाय खाली यायचे नाहीत.

'रज़िया सुलतान' १९८३ चा. आमच्याकडे जत्रेतल्या तंबूत आला तोवर त्याची रिळं पार झिजली होती. लढाया कुणाला समजल्या नाहीत. पण एक नावेतलं गाणं आहे, खय्यामचं संगीत, लताचा आवाज. परवीन बाबी हेमामालिनीला हलक्या हातानं निजवते आहे, आणि ऐन वेळेला एक भलं मोठं पीस दोघींच्या तोंडासमोर येतं. तंबूत बाप्यांच्या बाजूनं शिट्या वाजल्या. बायांच्या बाजूला मी सिस्टरबाईंच्या शेजारी होते. त्या शिट्यांकडे वळल्या नाहीत, शेंगा सोलत होत्या त्या थांबवल्या फक्त. मास्तरीणबाई म्हणाल्या, "लता काय गायली हो." सिस्टरबाई म्हणाल्या, "हो जी." सगळ्या जन्माच्या सोबतीत मी त्यांना एकमेकींना अरेतुरे करताना ऐकलं नाही.

१९८८ मध्ये पेपरात भोपाळची बातमी आली होती. दोन महिला शिपायांनी आपसांत लग्न लावलं म्हणून खात्यानं दोघींना नोकरीवरून काढलं. पानठेल्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. ज्या तोंडांनी तिथं खिदळले त्याच तोंडांनी ही माणसं संध्याकाळी सिस्टरबाईंकडे इंजेक्शन टोचून घ्यायला जायची. त्या आठवड्यात छायागीत ऐकू आलं नाही, एवढं मला आठवतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा लागलं.

नंतरचं सगळं पेपरात आहेच. १९९८ मध्ये 'फायर' या दोन बायांच्या प्रेमाच्या सिनेमावरून मुंबई-दिल्लीत थिएटरं फोडली, न दिल्लीत बाया 'आम्ही भारतीय आणि लेस्बियन' असा फलक धरून उभ्या राहिल्या. २०१८ च्या ६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं असल्या प्रेमाला गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा काटा काढला. २०२२ च्या जानेवारीत नागपुरातच झालेल्या दोन डॉक्टर मुलींच्या साखरपुड्याचे फोटो आले, घरच्यांसमोर. २०२३ मध्ये कोर्ट म्हणालं, लग्नाचं आम्ही करू शकत नाही, संसद पाहील. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीहून खुलासा निघाला की अशा जोडीदारांनी बँकेत जोडखातं काढायला, खात्यावर एकमेकींना नॉमिनी लावायला काही आडकाठी नाही.

मास्तरीणबाई त्याआधीच गेल्या होत्या. तेरवीपर्यंत सगळं नीट झालं. मग पुतण्या आला. खातं त्याच्या नावे लागलं, घर त्याच्या नावे लागलं, त्यात बेकायदा काहीच नव्हतं. सिस्टरबाईंनी फक्त रेडिओ मागितला. तो म्हणाला, "चालत नाही तो, मावशी," न भंगारात दिला. सिस्टरबाई भाच्याकडे वर्ध्याला गेल्या, तिथंच वारल्या, असं नंतर कळलं.

त्या पुतण्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका गेल्या आठवड्यात आली आहे. मी जाणार नाही. आहेर पाठवीन, पोरीचा काय दोष.