मृत्युलेखातला एक परिच्छेद

२७ जुलै २०१५ रोजी मी आमच्या वृत्तपत्राच्या डेस्कवर रात्रपाळीला होतो. शिलाँगच्या आयआयएममध्ये व्याख्यान देताना डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम कोसळले आणि त्यांचे निधन झाले, ही बातमी आली तेव्हा डाक आवृत्तीचे, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या लवकरच्या आवृत्तीचे, पहिले पान जवळजवळ लागले होते. ते मोडण्यात आले आणि मृत्युलेख माझ्याकडे आला.

रामेश्वरमचे बालपण, एसएलव्ही-३ हा उपग्रह प्रक्षेपक, पोखरणची अणुचाचणी, मुलांशी गप्पा मारणारा राष्ट्रपती, हे सारे भराभर लिहून झाले. त्यानंतर मी बिहारचा परिच्छेद लिहिला. मे २००५ मध्ये कलाम मॉस्कोत असताना, मध्यरात्रीच्या सुमारास दिल्लीहून आलेल्या शिफारशीवर त्यांनी बिहार विधानसभा विसर्जित करण्यास संमती दिली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरवले.

पान लावणाऱ्या सहकाऱ्याचा माऊसवरचा हात त्या ओळींवर थांबला. "सर, आजच्या दिवशी हे छापायचं?" वृत्तसंपादकही त्याच्याच बाजूचे होते, माणूस गेल्याच्या रात्री त्याची चूक काढू नये, असे त्यांचे म्हणणे होते. शेजारच्या टेबलावरचे ज्येष्ठ सहकारी मात्र उसळून म्हणाले, "लोकांचा राष्ट्रपती म्हणता ना? मग संमती देण्याआधी त्यांनी एक रात्र थांबायला काय हरकत होती? 'रबरी शिक्का' असंच लिहा."

मला दोघांचेही पटेना. या निकालानंतर आपण राजीनाम्याचे पत्र तयार केले होते आणि पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या आग्रहामुळे पदावर राहिलो, हे कलामांनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहिले आहे. त्यांनी जे लपवले नाही, ते आपण त्यांच्या प्रेमापोटी झाकणे मला त्यांचा अवमान वाटत होता. आणि २००६ मध्ये लाभाच्या पदांसंबंधीचे, म्हणजे काही सरकारी पदे सांभाळूनही खासदारकी टिकवू देणारे, विधेयक संसदेकडे फेरविचारासाठी परत पाठवणाऱ्या माणसाला रबरी शिक्का म्हणणे तर सरळ अन्यायाचे होते. संसदेने ते पुन्हा मंजूर केल्यावर त्यांनी सही केली, पण तेव्हा राज्यघटनेने त्यांच्यापुढे दुसरा मार्गच ठेवलेला नव्हता. बिहारचा सल त्या परत पाठवण्यामागे असावा, असे मला आजही वाटते. सिद्ध करता येत नसल्याने लेखात मी तसे लिहिले नाही.

वादात डाक आवृत्तीची वेळ झाली आणि ती त्या परिच्छेदाविना सुटली. शहर आवृत्तीसाठी मी तो राजीनाम्याच्या पत्रासह पुन्हा लिहिला, त्यालाच विधेयकाचे वाक्य जोडले, आणि वृत्तसंपादकांनी दोनदा वाचून, एक विशेषण खोडून, तो घेतला. ज्येष्ठ सहकाऱ्यांना तो मिळमिळीत वाटला. पान लावणाऱ्या सहकाऱ्याने काही न बोलता फोटो अर्ध्या सेंटिमीटरने कमी केला आणि त्या ओळींना जागा करून दिली. डाकेच्या गाड्या तोवर निघून गेल्या होत्या. त्या वाचकांपर्यंत तो परिच्छेद पोहोचला नाही, याची रुखरुख मला अजून आहे.