फाटकाची कडी

काल रात्री रामबागेतल्या घरी वरच्या खोलीत बसून एका क्लायंटचा सर्व्हर साफसूफ करत होतो, म्हणजे सर्व्हर तिकडे मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आणि मी इथे इंदूरला सेव-परमल खात. कोणकोण पोर्ट, म्हणजे नेटवर्ककडची दारं, उघडून बसलंय बघितलं तर 631 वर कप्स-ब्राउज्ड! अरे भिया, हे तर नेटवर्कवर प्रिंटर शोधणारं. या सर्व्हरला प्रिंटर कुठला, कोणीतरी कधीतरी डेस्कटॉप टाकला असेल त्याच्याबरोबर आलं आणि तेव्हापासून बिचारं कान लावून बसलंय की येईल कोणीतरी प्रिंटर.

नुसतं बसलं असतं तर बसू दिलं असतं, रॅम ती किती खाणार. पण सप्टेंबर 2024 मध्ये यातलं भोक बाहेर आलं, की बाहेरून कोणीही "मी प्रिंटर" म्हणालं तरी हे विश्वास ठेवतं. म्हणून आधी त्याला डिसेबल केलं, मग कप्सलाच, म्हणजे छपाईच्या मूळ सर्व्हिसला, स्टॉप मारलं, तर सर्व्हिस चालू-बंद करणारं सिस्टमडी म्हणतं की बंद करतोय खरा, पण कप्स डॉट सॉकेट आणि कप्स डॉट पाथ याला परत उठवू शकतात. मग त्या दोघांनाही थांबवून सगळ्यांना मास्क केलं, म्हणजे नावाची फाइल थेट डेव्ह-नल नावाच्या रिकाम्या खड्ड्याला जोडून टाकायची, आता कोणी कितीही हाका मारा.

पाणी प्यायला खाली आलो तर फाटकाची कडी नेहमीसारखी उघडी. आजोबा हुकुमचंद मिलमध्ये होते, दुसरी पाळी रात्री बाराला सुटायची, म्हणून आजी कडी लावायची नाही. मिल बंद पडली 1991 साली. आजोबा तेव्हापासून रोज नऊलाच झोपतात, आत्ताही आत घोरत होते, आणि कडी मात्र बारापर्यंत उघडीच. मी कितीदा लावली, पाच मिनिटात आजी उठून काढते, विचारलं तर म्हणते "असू दे रे". बाबांनी एकदा कुलूप आणलं होतं, त्याची किल्लीच हरवली, कशी ते सगळ्यांना माहितीये.

बाराला पाच कमी होते. म्हटलं आज लावूच, अगदी हळू सरकवली तरी ती गंजकी कडी कुईं वाजलीच.

आतून आजीचा झोपेतला आवाज आला, "आलात का?"

घोरणं थांबलं. आजोबा म्हणाले, "हो, आलो."