ब्रॉडकास्ट आधी शेतातलं होतं

परवा पुतणीचा फोन आला, ती इथं नागपूरलाच ॲग्रीकल्चरला पहिल्या वर्षाला आहे. म्हणे, "काका, पुस्तकात ब्रॉडकास्टिंग म्हणजे बी फेकून पेरणं असं दिलंय, असं काहून? हे तर रेडिओवाल्यांचं ना?" मी म्हटलं उलटं आहे बाई, शब्द शेतकऱ्यांचाच होता, रेडिओवाले नंतर घेऊन गेले. मग अर्धा तास बोलत बसलो आणि तरी मन भरलं नाही म्हणून हे लिहितोय.

कास्ट म्हणजे फेकणे, टाकणे. हे मूळचं इंग्रजीही नाही, जुन्या नॉर्स भाषेतलं कास्ता, व्हायकिंग लोकांसोबत इंग्लंडात आलेलं. आणि गंमत बघा, ते लोक जिथं कास्ट म्हणतात तिथं बरेचदा आपण बरोब्बर टाकणे म्हणतो, जाळं टाकतो, गळ टाकतो, नजर टाकतो, प्रकाश टाकतो, मतसुद्धा टाकतोच. तर ब्रॉड म्हणजे रुंद, आणि ब्रॉडकास्ट म्हणजे हात पसरून रुंद फेकलेलं बी. 18व्या शतकातल्या इंग्रजी शेतीत हा शब्द असाच वापरात होता. जेथ्रो टलचं ओळीत पेरायचं यंत्र 1701 च्या सुमाराचं, आणि मला वाटतं ओळीतली पेरणी आली म्हणूनच जुन्या पद्धतीला वेगळं नाव लागलं असेल, नाहीतर पेरणं म्हणजे पेरणं, त्याला कोण नाव देतं.

मला हे लगेच पटतं कारण मी ते डोळ्यानं बघितलंय. आमचं गाव भंडाऱ्याकडे, धानाचं. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, काही बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांमध्ये, रोपांची रोवणी न करता आवत्या टाकायचे, म्हणजे थेट बी फेकून पेरायचे. कमरेला दुपट्ट्याची झोळी, त्यात धान, एक पाऊल टाकलं की एक मूठ, आणि मूठ एकदम उघडायची नाही, हात उजवीकडून डावीकडे फिरताना बोटं एकेक करून सैल सोडायची. आधी बांधीच्या लांबीनं एक फेरी, मग आडवी. मी एकदा हट्टानं टाकलं तर उगवल्यावर कुठं दाट झुपके आणि कुठं नुसती माती, आबाजी काही बोलले नाही, दाटातले उपटून विरळात लावत बसले.

आता रेडिओकडे या. सुरुवातीला वायरलेस म्हणजे बिनतारी तार होती, इकडून एकानं पाठवायचं आणि तिकडे एकानं घ्यायचं, मधल्यानं ऐकलं तर ती अडचण. मग 1920 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत पिट्सबर्गच्या केडीकेए स्टेशननं अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे निकाल हवेत सोडले, ज्याच्याकडे सेट असेल त्यानं ऐकावं. कोणाच्या घरात पोचेल ते पाठवणाऱ्याला माहीत नाही. म्हणजे आबाजींची मूठच की! त्यासाठी शेतातला शब्द उचलला आणि 1922 ला लंडनमध्ये कंपनी निघाली तर तिच्या नावातच ब्रॉडकास्टिंग, बीबीसीतला मधला बी तोच. आपल्याकडे नागपूरचं आकाशवाणी केंद्र 1948 चं. तोवर शहरातल्या माणसाला त्या शब्दात बी दिसेनासं झालं होतं.

पण मराठीनं ते फेकणं सोडलं नाही हे मला फार आवडतं. थेट प्रक्षेपण म्हणतो ना मॅचचं, त्यातलं क्षेपण म्हणजे फेकणंच. आणि कोणी मुद्दाम, हिशोबानं छापून आणलेली बातमी असेल तर आपण म्हणतो पेरलेली बातमी, फेकलेली नाही म्हणत, तिथं तिफण, ओळीत पेरायचं औजार, चाललेली असते, ओळ ठरलेली असते. इतका बारीक फरक आपली भाषा करते आणि आपल्या ध्यानातही येत नाही.

आता व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट घ्या. तिथं जास्तीत जास्त 256 जण निवडायचे, आणि ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यालाच मेसेज जाणार. हे काही फेकणं नाही, ही तर सरकी टोबल्यासारखी टोबणी झाली, एकेक बी एकेका जागी. शब्द परत सरकतोय, आपल्या समोर.

पुतणी शेवटी म्हणाली, मला आवत्या टाकून दाखवा. आबाजी आता नाहीत, पण दुपट्टा आहे आणि घरामागची छोटी बांधी आहे. मृग बरसला की जातोय दोघं, यावेळी मूठ तिची.