मूळ क्रम उपलब्ध नाही

माईच्या कागदांची सूची तयार झाली म्हणून आज विद्यापीठाच्या अभिलेखागारात जाऊन आले. सूची बावीस पानांची आहे: पत्रव्यवहार, रोजनिश्या, हिशेबाच्या वह्या, अल्बम तीन. ती हातात आल्यावर आनंद व्हायला हवा होता. पण तिसऱ्या पानावर पत्रव्यवहाराच्या नोंदीखाली एक ओळ आहे: ‘मूळ क्रम उपलब्ध नाही, सध्याचा कालानुक्रम देणगीदाराने लावलेला आहे.’ देणगीदार म्हणजे मी. दुपारपासून त्या ओळीपाशी अडकले आहे.

ओळीत कुणाला दोष दिलेला नाही, आणि तेच जास्त बोचते.

कागद देण्याआधी मी दोन महिने त्यांच्यामागे खपले होते. ट्रंकेत पत्रे गठ्ठ्यागठ्ठ्यांनी होती, काही सुतळीने तर काही नाडीने बांधलेली. एकाच गठ्ठ्यात वीस वर्षांच्या अंतराची दोन पत्रे एकमेकांना लागून, आणि त्यांच्यामध्ये घडी घातलेली औषधाची चिठ्ठी. मला तो पसारा वाटला. मी गठ्ठे सोडले, गंजलेल्या टाचण्या काढल्या, सगळी पत्रे तारखेवार लावली आणि रिकामी पाकिटे टाकून दिली. ज्या पत्रांवर तारीख नव्हती त्यांची तारीख त्या पाकिटांवरच्या टपाल शिक्क्यांवरून कळली असती, हे आज कळले. ट्रंक उचलायलासुद्धा दुसरे कोणी आले नव्हते. त्याबद्दल इथे लिहीत नाही. पण ज्याने काम केले त्याचीच चूक सूचीत नोंदवली जाते, आणि जे आलेच नाहीत त्यांचे हात स्वच्छ राहतात, हे मात्र मनातून जात नाही.

अभिलेखपाल बाईंनी समजावून सांगितले. एका माणसाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत, हा दंडक फ्रान्समध्ये १८४१ साली घालून दिला गेला. कागद ज्याचे, त्याने ठेवलेला क्रम मोडायचा नाही, हे तीन डच अभिलेखपालांनी १८९८ साली आपल्या पुस्तकात नियम म्हणून मांडले. कोणते पत्र कशाशेजारी ठेवले होते, हीसुद्धा माहितीच असते, असे त्या म्हणाल्या. मग माझा चेहरा पाहून, “बहुतेक घरांत असंच होतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका,” असेही म्हणाल्या. म्हणजे चूक माझीच, वर ती सर्वसाधारण.

अल्बम तेवढे वाचले, तेही माझ्या शहाणपणाने नव्हे; मला वेळ पुरला नाही म्हणून. वाचन कक्षात पिशवी बाहेर ठेवावी लागते, लिहायला फक्त शिसपेन्सिल चालते. घामाचे क्षार आणि तेल छायाचित्रावर उतरू नये म्हणून नायट्राइलचे हातमोजे घालायला दिले आणि काळ्या पानांचा अल्बम फोमच्या आधारावर उघडून ठेवला. पानापानांत पातळ आम्लरहित कागद घातला आहे. डाव्या पानावर काका, तरुण, कशाला तरी हसणारे. समोरच्या पानावर नुसते एक बंद दार. दोन्हींखाली पांढऱ्या पेन्सिलीने माईच्या अक्षरात एकच तारीख, साल मात्र वेगवेगळे. हे फोटो सुटे असते तर मी ते वर्षवार लावले असते आणि दार ‘इतर’मध्ये टाकले असते. त्या पानाकडे किती वेळ पाहत होते कोण जाणे.

तिसरा अल्बम चिकट पानांचा, वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेला. त्याचा डिंक पिवळा पडला आहे. ओढले तर फोटो फाटेल, म्हणून एकही न काढता पानेच्या पाने स्कॅन केली आहेत. मी काय केले असते, ते उघड आहे.

परत येताना एक गोष्ट ध्यानात आली आणि हसू आले. माईचा क्रम आता सापडणार नाही, म्हणून बाईंनी पत्रे माझ्याच क्रमाने आम्लरहित खोक्यांत ठेवली आहेत, आणि वाचायला येणाऱ्याने तो क्रम हलवायचा नाही, असा नियम आहे. घरात मी लावलेले कपाट आठवडाभर टिकत नाही. तिथे माझ्या तारखेवारीला कुलूपबंद संरक्षण मिळाले आहे.

निघण्यापूर्वी बाईंनी एक कोरा कागद पुढे केला. गठ्ठ्यांबद्दल आठवेल ते लिहून द्या, संग्रहाच्या धारिकेत ठेवू, म्हणाल्या. मी लिहिले: गठ्ठे पाच. एक निळ्या नाडीचा. औषधाची चिठ्ठी त्याच गठ्ठ्यात होती. पत्रे कोणाची, ते आठवत नाही.

आता रात्री आठवते आहे की त्या निळ्या नाडीची गाठ सुटत नव्हती, म्हणून मी ती कात्रीने कापली होती. एवढी घट्ट गाठ बाकीच्या चार गठ्ठ्यांना नव्हती. हे लिहायचे राहिले. उद्या फोन करून सांगावे की नको, ते अजून ठरत नाही.