वेलांटी जागेवर यायला आठ वर्षं लागली

२०१५ साली सिंहगड रोडवरच्या एका वन बीएचकेत आम्ही तिघांनी स्टुडिओ थाटला. मी लिहिणारा, एक मित्र चित्रकार, दुसरा कोडवाला. तिघांनाही एकच खूळ: गोष्टीचे गेम. गोळ्या झाडायच्या नाहीत, गाड्या पळवायच्या नाहीत. खोलीत फिरायचं, वस्तू हुडकायच्या, माणसांना बोलतं करायचं. १९८० साली केन आणि रोबर्टा विल्यम्स या नवरा-बायकोने 'मिस्ट्री हाउस' हा चित्रांचा अ‍ॅडव्हेंचर गेम घरबसल्या केला होता, तेवढ्यावर आमची हिंमत. घरच्यांच्या लेखी आम्ही दिवसभर गेम खेळत होतो.

पहिला गेम एका बंद वाड्याचा. पहिल्याच चाचणीत पडद्यावर 'किल्ली सापडली' यायला हवं होतं. वेलांटी क सोडून पलीकडे जाऊन बसली आणि जोडाक्षर फुटून ल लंगडा झाला. संगणक आधी क आणि मग वेलांटी असं साठवतो. ती उचलून डावीकडे मांडायचं काम वेगळं असतं, आणि आमच्या तेव्हाच्या इंजिनाला, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम बांधतात त्याला, ते येत नव्हतं. मग अडाणी उपाय: प्रत्येक संवाद फोटोशॉपमध्ये लिहून त्याचं चित्र करायचं. अकराशे संवाद, अकराशे चित्रं. एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की पुन्हा नवं चित्र.

इंग्रजी आवृत्तीने वेगळाच घाम काढला. वाड्यातली आजी 'अहो आजी, येऊ का?' म्हटल्याशिवाय दार उघडत नाही. 'ए आजी' म्हणणाऱ्याला ती उंबऱ्यावरूनच परत पाठवते. सगळं कोडं त्या 'अहो'त. इंग्रजीत 'यू' एकच, कोडंच गायब! शेवटी तिथे खेळाडूला चपला काढायला लावल्या.

पोट भरायचं ते बाहेरच्या स्टुडिओंची बॅकग्राउंडं रंगवून. एका क्लायंटने बिल बुडवलं, त्या दिवाळीत बोनस म्हणून चकल्यांचे डबे वाटले. (चकल्या आईच्या, म्हणून कुणी कुरकुरलं नाही.)

२०१९ मध्ये शंभर डॉलर भरून गेम स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर, चढवला. तिथे दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करता येतो, हे माहीत होतं. आमचा गेम दीड तासात संपतो, हे त्याच्याशी ताडून पाहायचं कुणालाच सुचलं नाही. काहींनी गेम संपवला, 'सुंदर' असा शेरा लिहिला आणि पैसे परत घेतले. दुसरा गेम पाच तासांचा आहे, त्यामागचं कारण कलात्मक वगैरे नाही.

२०२३ मध्ये गोडो ४ हे गेम इंजिन आलं. त्यात देवनागरी नीट जुळते. जुना वाडा त्यात हलवला आणि पडद्यावर पहिल्यांदा खरीखुरी अक्षरं उमटली: किल्ली सापडली. फोटो काढून ग्रुपवर टाकला. चित्रकाराचं उत्तर आलं, "पूर्णविराम राहिला."

दहा सेकंदांत दिला.